शेंडा आणि बुडखा

एखाद्याचे बोलणे भरकटले की आपण म्हणतो, ‘याच्या बोलण्याला ना शेंडा ना बुडखा.’ हा वाक्प्रचार शिकवताना मी वर्गात हटकून विचारतो, की बाबांनो, शेंडा कशाचा आणि बुडखा कशाचा? शहरातली निम्मी मुले येथेच अडखळतात. कुणी शेंडीशी नाते जोडतो, तर एखादा कोल्हापूरकडचा विद्यार्थी ठामपणे सांगतो, ‘सर, उसाचा!’ त्याचेही बरोबरच आहे. ऊस खाणाऱ्याला हा भेद जिभेने कळतो. बुडख्याकडची कांडी गोड, वर जावे तसतशी पाणचट, आणि अगदी टोकाची वाढी तर गुरांपुढे टाकायची. ऊस गोड लागला तरी मुळासकट खाऊ नये, असे बजावणारी म्हण काही उगाच निघालेली नाही. मोह सगळा खालच्या टोकालाच आहे!

मूळ, बुडखा, बुंधा, खोड, फांदी, डहाळी, शेंडा. एका झाडाला आपल्या भाषेने उंचीप्रमाणे इतकी नावे दिली आहेत. आणि गंमत अशी, की तेच झाड वखारीत येऊन पडले की ही सगळी नावे आपण विसरतो आणि एवढेच विचारतो, ‘साग आहे ना?’ जणू झाड मुळापासून टोकापर्यंत एकाच कापडाच्या ताग्यासारखे एकजिनसी असते.

जुन्यांना तसे वाटत नव्हते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त मूर्तीसाठी वनातून लाकूड कसे आणावे याला स्वतंत्र अध्याय दिला आहे. मूर्ती ज्या रीतीने झाड उभे होते त्याच रीतीने उभी करायची, म्हणून झाडाच्या दिशा आणि वर-खाली या खुणा आधीच करून ठेवाव्यात, असा त्याचा दंडक आहे. खांब उभा करताना बुडखा खाली आणि शेंडा वर ठेवणारे सुतार आजही भेटतात. ते त्याला शास्त्र म्हणतात. शकुन-अपशकुनाचा भाग सोडून दिला, तरी त्यात निरीक्षणाचा भाग किती आहे, हे पाहण्यासारखे आहे.

मला ते पाहावे लागले ते एका दाराच्या चौकटीमुळे. आमच्या भाईंदर पूर्वेला एकेकाळी घाईघाईने उभ्या राहिलेल्या चारमजली इमारतींची आता वये झाली आहेत. कुठे डागडुजी चालली आहे, कुठे पुनर्विकासाच्या बैठका. आमच्या न्हाणीघराची चौकट वाळवीने पोखरली, तेव्हा एका वयस्क मिस्त्रींना घेऊन मी वखार गाठली. मिस्त्री मूळचे राजापूरकडचे, बोलणे मोजके. वखारवाल्याने आमच्यापुढे एकाच ओंडक्यातून कापलेले पाच इंच बाय अडीच इंचांचे तुकडे टाकले. एकच रंग, एकच भाव. मिस्त्रींनी प्रत्येकाचे कापलेले टोक पाहिले, बोटाने टिचकी मारली, दोन बाजूला काढले आणि तिसरा परत सरकवला.

‘हा का नको?’ मी विचारले.

‘सर, हा शेंड्याकडचा. गाभ्याची नळी मधून गेली आहे बघा. आज सरळ दिसेल, पावसाळा गेला की कमान टाकेल.’

वखारवाला म्हणाला, ‘काका, झाड एकच आहे.’

‘झाड एकच असलं म्हणून काय झालं?’ मिस्त्री म्हणाले आणि पुढच्या तुकड्याकडे वळले.

हे एकच झाड दोन प्रकारचे लाकूड कसे देते, हे समजायला झाड वाढते कसे ते आधी पाहिले पाहिजे. पुष्कळांची अशी समजूत असते, की झाड माणसाच्या मुलासारखे सगळ्या अंगाने ताणले जाऊन उंच होते. तसे नाही. रस्त्याकडेच्या झाडाला कुणी खिळा ठोकून जाहिरातीची पाटी लावलेली असते. वीस वर्षांनी पाहा. झाड दुप्पट उंच झालेले असेल, पण खिळा होता त्याच उंचीवर राहील. फार तर लाकडाने त्याला गिळलेले असेल. कॉलेजच्या आवारात झाडाच्या सालीवर कोरलेली नावेही अशीच वर चढत नाहीत, रुंद मात्र होतात.

उंची वाढते ती फक्त टोकाला, आणि जाडी वाढते ती सालीच्या लगेच आतल्या नाजूक थरातून. दर वर्षी हा थर जुन्या लाकडावर नव्या लाकडाचे एक आवरण चढवतो. भेळवाला कागदाचे शंकू करून एकात एक घालून ठेवतो, ते उलटे उभे करून पाहा. सर्वात आतला शंकू पहिल्या वर्षाचा, बुटका; त्यावर दुसऱ्या वर्षाचा, थोडा उंच; त्यावर तिसऱ्याचा. साठ वर्षांचा साग म्हणजे असे साठ शंकू. बुंध्याशी आडवा कापला तर साठही वलये दिसतील. तीस फुटांवर कापला तर कमी दिसतील, कारण पहिली काही वर्षे झाड त्या उंचीला पोहोचलेच नव्हते. आणि शेंड्याशी कापले तर चार-दोनच.

सागाची वलये डोळ्यांनी दिसतात, हे त्याचे वैशिष्ट्य. वाढीचा हंगाम सुरू होताच तो मोठ्या छिद्रांची एक ओळ घालतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी १९८३ मध्ये आमच्याच ठाणे भागातल्या सागाच्या वलयांचा हवामानाशी असलेला संबंध तपासून प्रसिद्ध केला होता. अशा कामात नमुना बहुधा छातीइतक्या उंचीवरून घेतात, त्यामुळे झाड तेवढे उंच होईपर्यंतची बाळपणाची वर्षे मोजणीतून सुटतात. झाडाचे वय विचारायचे तेही कितव्या फुटावर, असा हा मामला आहे.

घरबसल्या या शंकूंचा पुरावा पाहायचा असेल तर आपल्या कपाटाच्या दारापाशी किंवा जेवणाच्या टेबलापाशी जा. खऱ्या लाकडाच्या फळीवर मधोमध डोंगरांच्या रांगेसारखी, एकात एक बसलेली टोकदार नक्षी असते. उभा शंकू एका बाजूने सरळ चिरला की कापावर अशीच टोकदार कमान उमटते आणि तिचे टोक शंकूच्या टोकाकडे असते. म्हणजे त्या डोंगरांची शिखरे ज्या बाजूला, त्या बाजूला बहुधा झाडाचा शेंडा होता. बहुधा म्हणण्याचे कारण, वाकडे वाढलेले खोड किंवा तिरकी कापलेली फळी हा हिशेब बिघडवते. ओंडका फिरवत सोलून काढलेल्या पापुद्र्याच्या प्लायवुडवर तर हे वाचताच येत नाही. आणि छापील नक्षीच्या सनमायक्याचे दार असेल तर शोध घेण्याचे कष्ट करू नका. तेथे झाड डोक्यावर उभे असले तरी कुणाची हरकत नसते. आमच्या घरातल्या जुन्या कपाटाच्या दोन दारांपैकी एका दाराचे शेंडे छताकडे आहेत आणि दुसऱ्याचे जमिनीकडे. सुताराला नक्षी जुळवायची हौस नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

आता मिस्त्रींच्या ‘गाभ्याच्या नळी’कडे वळू. कोणत्याही उंचीवर, खोडाच्या मध्याभोवतीची पहिली काही वलये झाडाने पोरवयात घातलेली असतात. लाकूड ज्या तंतूंचे बनते, त्या प्रत्येक तंतूच्या भिंतीत अतिसूक्ष्म धाग्यांचा पीळ असतो, सुंभाच्या दोरीसारखा. प्रौढ लाकडात हा पीळ जवळजवळ उभा असतो. पोरवयातल्या लाकडात तो बराच तिरका असतो आणि तंतूही आखूड असतात. उभ्या पिळाचे लाकूड वाळताना रुंदीत आक्रसते, लांबीत मात्र जेमतेम. हिरव्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत लांबीतली घट शेकडा ०.१ ते ०.२, म्हणजे सात फुटांच्या चौकटीला दोन ते चार मिलिमीटर. तिरक्या पिळाचे लाकूड लांबीतही आक्रसते. झपाट्याने वाढवलेल्या काही पाइनमध्ये ही घट शेकडा एकच्याही पुढे जाते, म्हणजे त्याच सात फुटांत वीस-एकवीस मिलिमीटर. साग एवढा उच्छृंखल नाही. पण एकाच तुकड्याची एक कड पोरवयातली आणि दुसरी प्रौढ असली, तर एक कड जास्त आखडते आणि तुकडा धनुष्यासारखा वाकतो. हीच मिस्त्रींची कमान.

आणि शेंड्याकडे हे पोरवयातले लाकूड जास्त का? कारण तेथे दुसरे काही असूच शकत नाही. बुंध्याशी साठ वलयांपैकी मधली वीस कोवळी असली तरी बाहेर चाळीस पक्की वलये आहेत. वर, जेथे एकूण वलयेच पंधरा, तेथे सगळा पोरांचाच कारभार! झाड म्हातारे होते ते खाली. वरचे टोक दर वर्षी नव्याने तरुण असते. शिवाय सागाचा जो तपकिरी, तेलकट, वाळवीला न जुमानणारा गाभा, त्याचाही आत एक शंकूच असतो आणि तो शेंड्याच्या अलीकडेच संपतो. वरच्या ओंडक्यात पांढऱ्या लाकडाचा वाटा वाढतो, आणि सागाचे पांढरे लाकूड म्हणजे वाळवीला पंगतच. नाव साग असले म्हणून ती ताटावरून उठत नाही. गाठींचेही तसेच. खालच्या फांद्या तरुणपणीच वाळून गळतात आणि त्यांच्या गाठींवर पुढची कित्येक वर्षे स्वच्छ लाकूड चढते. वर फांद्या जिवंत, म्हणून गाठीच गाठी.

झाडाच्या बाजूने विचार केला तर यात गैर काहीच नाही. वाऱ्यात शेंड्याने वाकायचे असते आणि बुंध्याने पेलायचे. वरचे लाकूड लवचीक, खालचे भक्कम. पाणी नेणाऱ्या नळ्यासुद्धा वर अरुंद आणि बुंध्याकडे रुंद होत जातात, म्हणजे लांबच्या वाटेवर पाण्याला अडथळा कमी. झाड काही आमच्या न्हाणीघराच्या चौकटीसाठी वाढलेले नसते.

मात्र यावरून ‘खाली जावे तितके चांगले’ असा सरळ नियम कुणी काढू नये. १८७२ मध्ये कार्ल सानिओ या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने पाइनच्या खोडातल्या पेशी चिकाटीने मोजल्या. एकाच वलयाच्या मागे लागून तो बुंध्यापासून वर गेला, तेव्हा त्याला दिसले की पेशींची लांबी आधी वाढत जाते, काही उंचीवर कमाल गाठते आणि मग शेंड्याकडे पुन्हा घटते. सागाचा अगदी तळचा भाग तर पन्हळीसारखा खोबणींचा असतो. तेथे रेषा वळलेल्या आणि कापताना नासाडी फार. म्हणून जाणत्याची नजर असते ती त्या फुगीर तळाच्या वरच्या सरळ, बिनगाठीच्या लांबीवर. सरकारी डेपोतल्या लिलावातही घेर आणि लांबी पाहून प्रत ठरते, आणि जाड ओंडक्याला घनफुटाचाच दर चढा मिळतो. मोजणीची जुनी रीतही गमतीची आहे. ओंडका शेंड्याकडे निमुळता, तेव्हा घेर मधोमध घ्यायचा, त्याचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. अठ्ठेचाळीस इंच घेर आणि दहा फूट लांबी असेल तर दहा घनफूट. भूमितीने पाहिले तर हे पावणेतेरा घनफुटांच्या आसपास येते. मधली तफावत म्हणजे साल आणि कापणीतली घट धरून ठेवलेली सूट.

शेंडा टाकाऊ, असाही अर्थ नाही. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले आणि पुढे त्यांच्या घराण्याने मुंबईच्या गोदीत सागाची जहाजे बांधली. त्यांतले १८१७ चे ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आजही पाण्यावर उभे आहे. लाकडी जहाज बांधणाऱ्यांना सरळ फळ्यांइतकीच निसर्गतः वाकलेली लाकडे हवी असत, कारण जहाजाच्या बरगड्या आणि कोन यांसाठी कापून केलेल्या वाकणापेक्षा रेषेसकट वाकलेले लाकूड बळकट. ती मिळतात झाडाला जेथे फांद्या फुटतात तेथे, वरती. आणि डोलकाठीला सागाऐवजी घाटातल्या पून नावाच्या झाडाचे हलके, उंच, सरळसोट खोड पसंत केले जाई.

आतापर्यंतची गोष्ट झाली सालीखाली जाडी वाढवणाऱ्या झाडांची. आमच्या स्टेशनाच्या पश्चिमेला उतरून उत्तनच्या बाजूला गेले की माड आणि ताड सुरू होतात, आणि तेथे हे सगळे शास्त्र कोलमडते. माडाला वलये नाहीत, कारण दर वर्षी नवे आवरण चढवणारा तो थरच त्याला नाही. त्याच्या खोडातल्या जुन्या पेशी मात्र वर्षानुवर्षे जिवंत राहून आपल्या भिंती जाड करत राहतात. म्हणून सर्वात जुना भाग, म्हणजे बुडख्याकडची बाहेरची कड, लोखंडासारखी. आणि शेंड्याकडचा मध्य भुसभुशीत. सागाचा घनफूट साधारण अठरा किलोंचा. माडाच्या तळच्या कडेचा घनफूट सतरा किलोंच्या पुढे, आणि वरच्या मध्याचा सात-आठ किलोंचासुद्धा भरतो. एकाच खोडात हा एवढा फरक! सागाचा गाभा जपायचा आणि माडाचा गाभा फेकायचा, असा उलटा न्याय. कोकणात पोफळीचे खोड उभे चिरून, मऊ गाभा खरवडून पन्हळ करतात, ते याच गुणावर.

बांबू त्याहून वेगळा. कोंब जमिनीतून येतो तोच आपली पुरी जाडी घेऊन, आणि काही महिन्यांत पुरी उंची गाठतो. वर जावे तशी त्याच्या नळीची भिंत पातळ होते, पण तिच्यात चिवट तंतूंचा वाटा वाढतो. म्हणजे इंचाला इंच तोलून पाहिले तर बांबूचा शेंडा बुडख्याहून घट्ट. मांडव घालणारा मात्र बुडखाच खाली रोवतो, कारण भार पेलायला एकूण जाडी तेथेच आहे.

या सगळ्या माहितीची किंमत आमच्या घराण्याने एकदा रोख मोजली आहे. १९९० नंतरच्या दशकात वर्तमानपत्रांतून सागवान लागवडीच्या जाहिराती झळकत. आज काही हजार भरा, तुमच्या नावाचे झाड लावतो, वीस वर्षांनी लाखो रुपये घेऊन जा. आमच्या एका काकांनी निवृत्तीच्या पैशांतून अशा एका कंपनीत रक्कम गुंतवली. घरी सुंदर प्रमाणपत्र आले, त्यावर हिरव्या शाईत झाडाचे चित्र. पुढे कंपनीचे कार्यालय बंद झाले आणि पत्रे परत येऊ लागली. काकू ते प्रमाणपत्र लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात ठेवीत. अशा सामूहिक गुंतवणुकीच्या योजनांसाठी सेबीने १९९९ मध्ये नियम केले. तोवर पुष्कळ घरांतली हिरवी प्रमाणपत्रे कोरडी पडली होती.

फसवणुकीचा भाग कायद्याने पाहावा. पण समजा, कंपनी प्रामाणिक असती आणि झाड खरोखर उभे राहिले असते, तरी ते लाख कशाचे मिळणार होते? केरळात पीची येथील वन संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सागाचे पोरवय सुमारे पंधरा ते पंचवीस वर्षांचे धरले आहे. जागेप्रमाणे आणि गुणाप्रमाणे कमी-अधिक. म्हणजे वीस वर्षांचा साग हा मुळापासून टोकापर्यंत शेंडाच! ते लाकूड अगदीच कमजोर असते असे नव्हे. ताकदीत तरुण साग पुष्कळदा बरा उतरतो. पण त्यात पांढऱ्या लाकडाचा वाटा मोठा, घेर लहान, आणि लिलावात भाव ठरतो तो घेराने. जाहिरातीत भाव दाखवला होता जंगलातल्या जुन्या सागाचा, आणि विकले जात होते पोर.

आता तर तोच प्रश्न वखारीत आला आहे. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली, आणि ज्याला आपण अजून आदराने ‘बर्माटीक’ म्हणतो त्याची आवक आटली. आफ्रिकेतल्या आणि मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या लागवडींचा, लहान घेराचा साग बंदरावर उतरतो. आपल्याकडचा चंद्रपूर-गडचिरोलीचा साग अजून नाव राखून आहे. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी सागाचे लाकूड गेले ते बल्लारशाहूनच. गडचिरोलीतल्या आलापल्लीजवळच्या जुन्या वनाचा एक तुकडा २०१४ मध्ये राज्याचे पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून राखण्यात आला. तेथल्या उंच सागांखाली उभे राहिले की बुंधा या शब्दाचा अर्थ कोश न उघडता कळतो. पण तसल्या झाडाची चौकट भाईंदरच्या दोन खोल्यांच्या घराला परवडणार नाही, आणि परवडली तरी ते झाड तोडावे असे मला वाटत नाही.

परवडण्याजोग्या लाकडात निवड करायची, तर मिस्त्रींच्या पद्धतीने टोके पाहावीत. कापलेल्या टोकाशी वलयांचा मध्यबिंदू दिसत असेल तर तो तुकडा लांब कामाला घेऊ नये. त्याच्या लहान रिपा किंवा कप्प्यांच्या पट्ट्या कराव्यात. वलये टोकावर सौम्य कमानीसारखी दिसत असतील तर तुकडा मध्यापासून दूरचा आहे. पांढरी कड असेल तर ती न्हाणीघराच्या ओलीकडे मुळीच येऊ देऊ नये. मिस्त्रींनी आमची चौकट उभी केली तेव्हा दोन्ही खांबांचे बुडखे खाली ठेवले. मी कारण विचारले. ‘पाणी खाली साचतं, सर,’ ते म्हणाले, ‘पक्कं लाकूड तिथं हवं.’

पलीकडच्या गल्लीत एक जुनी इमारत पाडायला घेतली आहे. तिच्या दारांच्या चौकटी उपटून टेंपोत भरत होते, तेव्हा मिस्त्री रस्त्यातच थांबले, एका चौकटीच्या तळाला नखाने खरवडून वास घेतला आणि टेंपोवाल्याला भाव विचारू लागले.